जिच्यावर मन बसलंय तिला हातानं काढलेलं चित्र द्यायचंय? मग हे आधी वाचा

मनात कुणीतरी आहे, तिच्या मनात आपण नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तरीपण वाढदिवस आलाय किंवा ती बेळगाव सोडून बेंगळूरला नाहीतर पुण्याला नोकरीला निघालीय म्हणून आपल्या हातानं काहीतरी करून द्यावंसं वाटतंय. असं बऱ्याच जणांचं होतं आणि त्यात लाजायचं काहीच कारण नाही. चित्र ही त्यासाठी खरंच चांगली वस्तू आहे, पैसे फार लागत नाहीत आणि वेळ दिलेला दिसतो. हे मी लिहितेय ते शाळेतला चित्रकलेचा तास सुटल्यापासून ज्यांनी ब्रश हातात धरला नाही त्यांच्यासाठी. सोयीसाठी ‘ती’ लिहिते, तो असला तरी सगळं तेच.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण कागद कुठला, साईझ केवढी, काढायचं काय, द्यायचं कसं हे सगळं त्यावरूनच ठरणार आहे. चित्र असं पाहिजे की ते घेताना तिला कसलंच उत्तर द्यावं लागू नये. ‘छान आहे, थँक्यू’ म्हणून तिला ते पिशवीत टाकता आलं पाहिजे आणि घरी जाऊन डोकं धरून बसायला लागू नये. आणि तिनं तुम्हाला आधीच स्पष्ट नाही म्हणून सांगितलं असेल, मेसेज करू नकोस म्हटलं असेल, तर चित्र जरूर काढा खरं तिला देऊ नका, तिथं विषय संपला.

काय काढायचं

बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा तिचा चेहराच येतो. तो काढू नका. एक तर नवीन माणसाला चेहरा जमत नाही, डोळ्याची कड जराशी खाली आली की माणूस वेगळाच दिसायला लागतो, आणि हुबेहूब जमलाच तर त्याहून अवघड, कारण ते चित्र हातात घेतल्यावर तिला पहिलं हेच कळतं की हा माझ्या फोटोकडं तासन् तास बघत बसला होता. काही जणींना ते आवडेलही, बऱ्याच जणींना नाही आवडणार, आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगताही येत नाही. तिच्या डीपीचा स्क्रीनशॉट काढून त्यावरून चित्र करणं तर नकोच नको. बदाम, गुलाब, झाडाच्या खोडावर कोरलेली दोन अक्षरं हे पण नको.

मग काय काढायचं, तर तिला आवडणारी एखादी जागा. गप्पा मारताना ती कुठल्या जागेबद्दल आपणहून बोलली होती ते आठवा. कुणाचं आजोळ जांबोटीकडं असतं आणि तिथल्या पावसाळ्याबद्दल ती भरभरून बोलते, कुणाला हलशीचं देऊळ आवडतं, कुणाला गोकाकचा धबधबा, निपाणीकडच्या पोरीला तंबाखूची शेतं बघितली की घर आठवतं, कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून चालत कॉलेजला गेलेल्या तर कितीतरी जणी असतील. जागा नाही सुचली तर तिच्या बोलण्यात येणारं मांजर, तिनं लावलेला मोगरा, असलंही चालतं.

दोन जागा मात्र टाळा. तिचं घर काढू नका, कारण रस्त्यावरून दिसणारं तिचं घर तुम्ही काढलं म्हणजे तुम्ही तिथं उभं राहून बघत होता असाच अर्थ निघतो. आणि तुम्ही दोघं कधीतरी जिथं चहा प्यायला बसला होता ती जागाही नको, तुमच्यासाठी ती आठवण असेल, तिच्यासाठी तो नुसता चहा असू शकतो, आणि मग ते चित्र तिच्याकडं काहीतरी मागायला लागतं.

मी उदाहरणाला बेळगावजवळचा राजहंसगड घेते. येळ्ळूरच्या शिवारातून दिवाळीच्या आधी बघितला तर खाली भात पिवळं पडायला लागलेलं असतं, मधून लाल मातीची वाट जाते आणि मागं गडाची टेकडी. नवीन माणसाला सोपं, कारण तीनच मोठे भाग आहेत: आभाळ, टेकडी, शेत.

सामान

ऑइल कलर नको, वाळायला आठवडे जातात आणि वासही येतो. ॲक्रिलिक सोपं आहे, चुकलं तर वरून दुसरा थर मारता येतो, खरं ते लोक कॅनव्हासवर करतात आणि कॅनव्हास म्हटलं की तो भिंतीवरच लावायला लागतो, पुस्तकात किंवा फाईलमध्ये जात नाही. आपल्याला अशी वस्तू पाहिजे जी तिला ठेवायची असेल तर ठेवता येईल आणि कुणाला दाखवायची नसेल तर कपाटात सहज राहील. म्हणून वॉटरकलर, कागदावर.

पैसे घालायचेच असतील तर रंगात नको, कागदात घाला. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो आणि पाणी खळग्यात साचून डाग पडतात. 300 जीएसएमचा वॉटरकलर पेपर मागा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 300 ग्रॅम), जरा खरबरीत पृष्ठभागाचा, दुकानात त्याला कोल्ड प्रेस म्हणतात. मोठी शीट साधारण 56 बाय 76 सेंटीमीटरची मिळते. ती मधोमध कापायची, परत मधोमध, परत मधोमध, म्हणजे 19 बाय 28 चे आठ तुकडे होतात. एक भेटीसाठी आणि बाकीचे सरावाला, आणि सराव याच कागदावर करायचा, वहीच्या कागदावर केलेला सराव इथं उपयोगाला येत नाही कारण दोन्ही कागद पाणी वेगळं पितात. बेळगावात मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात विचारा, निपाणी चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरला कुणी जात असेल तर मागवून घ्या, नाहीतर ऑनलाईन आहेच.

रंगाला कॅमलचा विद्यार्थ्यांसाठीचा ट्यूबचा सेट पुरतो. त्यातले पाचच वापरायचे: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन. काळा आणि पांढरा उघडायचाच नाही. काळ्यानं चित्र मरतं, आणि पांढऱ्याची गरजच नाही कारण जिथं पांढरं पाहिजे तिथं कागद तसाच सोडायचा असतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केलं की सुंदर करडा मिळतो, निळा जास्त घातला तर ढगाचा, तपकिरी जास्त घातला तर मातीच्या सावलीचा. हे दोन रंग बशीत कमी जास्त करून बघण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवा, लई कामाला येतं. गुलाबी आणि काही क्रिमसन उन्हात उडतात, म्हणून देण्याच्या चित्रात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. शंका असेल तर रंगाचा एक पट्टा मारा, अर्धा पुठ्ठ्यानं झाका आणि महिना दोन महिने उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवा, फरक दिसतो.

ब्रश तीन: गोल चार नंबर, गोल दहा नंबर आणि एक इंची चपटा. परीक्षेचं पॅड, मास्किंग टेप, एचबी पेन्सिल, पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ), जुनं सुती फडकं, टिश्यू आणि रंग कालवायला चिनी मातीची पांढरी बशी. झालं.

आधी जाऊन बघा

नेटवरचा फोटो घेऊन बसू नका. गाडी काढा आणि त्या जागेला जा, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, कारण दुपारी बाराला टेकडीवर सावलीच नसते आणि सगळं सपाट दिसतं. आपल्या भागात ही रीत जुनी आहे, कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान निसर्गातच रमले आणि इकडं बेळगावात के. बी. कुलकर्णींनी पोरांना तसंच समोर बघून काढायला शिकवलं, 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आपल्याला तेवढं मोठं व्हायचं नाही, खरं बघायची सवय तेवढी घेऊया.

तिथं बसून डोळे बारीक करा. बारीकसारीक सगळं जातं आणि नुसते उजेडाचे अंधाराचे ठोकळे दिसतात, तेवढेच वहीत पत्त्याएवढ्या चौकटीत काढा. एक चौकट आभाळ मोठं ठेवून, एक शेत मोठं ठेवून. जमीन आणि आभाळ जिथं भेटतात ती रेघ कागदाच्या बरोबर मध्ये नको, चित्राचे दोन तुकडे होतात. मोबाईलवर स्वतः फोटो काढून घ्या, घरी आल्यावर वाट कुठं वळते ते बघायला. आणि एक गोष्ट, बांधावर बसायच्या आधी शेतात कुणी असेल तर विचारा, चित्र काढतोय म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा विचारतात.

रंगवायला बसल्यावर

कागद पॅडवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा, टेप कागदावर साधारण एक सेंटीमीटर येऊ दे, शेवटी तिथं पांढरी चौकट मिळते. पेन्सिल हलकी चालवा. टेकडीची कड, वाट, दोन चार बांध, बास. खोडरबर जोरात घासला की कागदाची साय जाते आणि तिथं रंग काळपट बसतो.

पॅडच्या वरच्या बाजूखाली एक जाड पुस्तक ठेवा म्हणजे उतार मिळेल. आता आभाळ. बशीत अल्ट्रामरीन भरपूर पाण्यात कालवा, त्यात बर्न्ट सिएनाचा कणभर, म्हणजे निळा भडक राहत नाही. वाटतं त्याच्या दुप्पट कालवा, मध्येच संपला तर परत तोच रंग होत नाही. चपटा ब्रश भरून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडं एक पट्टा ओढा. उतारामुळं पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी जमून एक फुगलेली ओळ तयार होते, ती ओळच महत्त्वाची. पुढचा पट्टा तिला जेमतेम टेकवून ओढायचा, ती खाली सरकते. असं करत टेकडीपर्यंत या, खाली येताना दर वेळी ब्रशमध्ये रंग कमी पाणी जास्त, म्हणजे आभाळ क्षितिजाकडं फिकं होतं, खऱ्या आभाळासारखं. शेवटी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशनं उचलून घ्या.

आणि मग हात लावायचा नाही. नवीन माणसाची बहुतेक चित्रं इथंच बिघडतात, अर्धवट ओल्या रंगात जरा कुठं फिकं दिसलं म्हणून ओला ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलत जातं आणि कोबीच्या फुलासारखे डाग उठतात. उठा, चहा करा. वाळलं का ते बोट लावून बघू नका, हाताची मागची बाजू कागदाच्या अगदी जवळ न्या किंवा हलकीच टेकवा, गार लागलं तर आत ओल आहे. मार्च एप्रिलमध्ये आभाळ बघता बघता वाळतं, आपल्याकडच्या जुलैत मात्र झड लागलेली असली की तासभर झाला तरी कागद गारच. तेव्हा हेअर ड्रायर लांबून फिरवा, खरं चकाकणारं पाणी कागदावर असताना नको, ते पाणी वाऱ्यानं पळतं आणि रेघा पडतात.

आभाळ पूर्ण वाळलं की टेकडी. लांबची वस्तू निळसर आणि फिकी दिसते, म्हणून टेकडीला पण अल्ट्रामरीनच, त्यात थोडा सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएना. एका बाजूवर ऊन आहे असं धरून ती बाजू पातळ रंगानं, दुसरी जरा घट्ट रंगानं, आणि दोन्ही ओलं असतानाच मध्ये भेटू द्या. गडाची भिंत दाखवायला दगड न् दगड काढायचा नाही, माथ्यावर एक बारीक फिकी पट्टी रंग न लावता सोडा, बघणाऱ्याला कळतं.

शेत हा सगळ्यात मजेचा भाग. यलो ऑकर आणि लेमन यलो मिसळून पातळ थर सगळ्या शेतावर, वाट सोडून. तो ओला असतानाच खालच्या बाजूला सॅप ग्रीन सोडा, आपोआप पसरतो. वाळल्यावर बांध काढा, लांबचे बांध एकमेकांजवळ आणि बारीक, जवळचे लांब लांब आणि जाड, एवढ्यानंच शेताला खोली येते. वाटेला बर्न्ट सिएना, इकडच्या लाल मातीला तोच रंग चपखल बसतो, चाकोरीच्या सावलीला त्यातच थोडा निळा. जवळच्या भातासाठी दहा नंबरचा ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करा, घट्ट रंग घ्या आणि खालून वर झटके मारा, कागदाच्या खरबरीतपणामुळं लोंब्या दिसायला लागतात. चार पाच ठिकाणी पुरे, सगळीकडं नको.

गडद रंग सगळ्यात शेवटी. बांधावरचं एखादं झाड, त्याची सावली, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन तिन्ही कमी पाण्यात. वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो हे लक्षात ठेवा, ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे, म्हणून शेजारी त्याच कागदाची एक पट्टी ठेवून आधी तिच्यावर लावून बघत जा. कुठं चुकलंच तर स्वच्छ ओल्या ब्रशनं हळू चोळून टिश्यूनं टिपा, बरंचसं निघतं. नाही निघालं तर दुसरा तुकडा घ्या, कागद त्यासाठीच आठ कापलेत.

कुठं थांबायचं याची खूण अशी: काय घालायचं ते माहीत नसताना ब्रश हातात घेतलाय असं झालं की चित्र संपलंय. एक रात्र तसंच ठेवा आणि सकाळी बघा. टेप काढताना चित्राच्या बाहेरच्या दिशेला, कागदालगत, हळू ओढा, कागद सोलायला लागला तर ड्रायरची गरम हवा टेपवर मारा म्हणजे गोंद सैल होतो. कागद वाकला असेल तर मागच्या बाजूला ओलसर फडकं फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये घाला आणि वर जाड पुस्तकं रचून रात्रभर ठेवा.

मागच्या बाजूला काय लिहायचं

जागेचं नाव, महिना, साल, कोपऱ्यात तुमचं नाव. पेन्सिलनं, कारण पेनची शाई पुढं उतरू शकते. ती कन्नड घरातली असेल तर जागेचं नाव कन्नडमध्येही लिहा, आधी येणाऱ्याकडून तपासून घ्या, आपल्याकडं अर्ध्या मित्रांना दोन्ही लिहिता येतं. चारोळी नको, ‘तुझाच’ नको, ‘सदैव’ नको. मनातलं सांगायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, तोंडानं, चित्र मध्ये न घालता सांगा, म्हणजे तिला नाही म्हणायला सोपं जाईल. भेट हातात धरून कुणाला नाही म्हणवत नाही, आणि ती अडचण आपण तिच्यावर आणू नये.

फ्रेमही करू नका. माझं हे मत बऱ्याच जणांना पटत नाही, काचेची फ्रेम केली की भेट भारी दिसते म्हणतात. खरं बघा, आपल्याकडच्या घरात फ्रेम आली की खिळा ठोकायचा विषय निघतो, मग कोणी दिलं, कशाला दिलं, कुठला तो, आई, काकी, आजी सगळ्यांना सांगत बसायचं. तुम्ही नुसता माउंट बोर्ड (चित्राभोवती चौकटीसारखा कापलेला जाड पुठ्ठा) चारी बाजूंनी लावा, वर बटर पेपर, मागं पुठ्ठा, आणि साधं खाकी पाकीट. रिबन नको.

द्यायचं कसं

तिच्या घरी नेऊन नको, ऑफिसात किंवा कॉलेजात चार मैत्रिणींच्या समोर नको, मैत्रिणीच्या हातून पाठवणं नको, आणि चौदा फेब्रुवारीला तर अजिबात नको. नेहमीसारखं भेटणं होईल तेव्हा, निघायच्या वेळेला. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा म्हणजे फाफटपसारा होत नाही. “तू मागं राजहंसगडाबद्दल बोलत होतीस की, ते काढून बघितलं. आवडलं तर ठेव, नाही ठेवलंस तरी चालतंय.” एवढंच. तिनं उघडून बघितलं तर बघू दे, नाही उघडलं तरी उघड म्हणू नका. मग दुसरा विषय काढा, बसची वेळ, परीक्षा, काहीही.

त्यानंतर रात्री “बघितलंस का?”, आठवड्यानं “लावलंस का?” असले मेसेज करायचे नाहीत. चित्राचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, तुमच्या दोस्तांना कुणासाठी काढलं ते लगेच कळतं आणि त्रास तिला होतो. तिनं घेतलं म्हणजे तिचा विचार बदलला असं समजू नका, तिनं एक चित्र घेतलंय. तिनं नको म्हटलं तर “बरं” म्हणून परत घ्या, एकदासुद्धा आग्रह नको, आणि चेहरा पाडून बसून तिला समजूत काढायला लावू नका. वाईट वाटणारच, ते घरी येऊन जवळच्या मित्राजवळ बोला.

आणि तिला आवडलं आणि पुढं कधीतरी तिनंच विचारलं की हे फ्रेम करू का, तर तेव्हा नीट सांगा: काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंट पाहिजेच, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते, मागं साधी चिकटपट्टी लावू देऊ नकोस, ती काही वर्षांनी पिवळी पडून कागदावर डाग सोडते, आणि थेट ऊन येतं त्या भिंतीला लावू नकोस.